हिरडीतलं शेपूट

मास्तरांना दुकानात पगार मिळे तो हातांचा, पण मान मिळे तो तोंडाचा. समोरच्या काउंटरपाशी गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून ते माप पुकारत आणि पडद्यामागे बसलेला कापणारा ते ऐकून लिहून घेई. "छाती सदतीस, कंबर पावणेतेहतीस, बाही साडेतेवीस." ही पद्धत शेठच्या वडिलांपासूनची. माप चालू असताना मापणाऱ्याने आत जायचं नाही, लिहिणाऱ्याने बाहेर यायचं नाही. आपलं अंग असं जाहीर झालेलं गिऱ्हाइकाला आवडे. पोट सुटलेलं असलं की मास्तर नेमका त्या आकड्याला आवाज खाली आणत. त्याबद्दल कोणी कधी आभार मानले नाहीत, पण असा माणूस पुढचा कोट दुसरीकडे शिवत नसे. मास्तरांच्या जमेला ही अशी माणसं बरीच होती.

तोंडाचं आणखी एक काम होतं. उभ्या आयुष्यात मास्तरांनी दोरा कातरीने कमी आणि दाताने जास्त तोडला. त्यामुळे वरच्या पुढच्या दातांत एक बारीक खाच पडली होती. नव्या कारागिरांना ती ते पदक दाखवावं तशी दाखवत. मग एका सकाळी त्या खाचेपासून थेट मुळापर्यंत एक दात उभा चिरला, आणि तो काढताना असं कळलं की शेजारचा दातही केवळ शेजारधर्म म्हणून उभा आहे. दोन्ही गेले.

आणि साताचे आठ व्हायला लागले.

पुढचे दात गेले की 'स' निसटतो आणि 'त' जिभेवर नुसता लोळतो. मास्तर सदतीस म्हणत, पडद्यामागे अडतीस ऐकू येई. सत्तावीसचे अठ्ठावीस होत, सत्तेचाळीसचे अठ्ठेचाळीस. एका वकिलाचा कोट खांद्यावरून असा ओघळला की आरशात बघून तो म्हणाला, "हा माझ्या थोरल्या भावाचा तर नाही?" शेठ मोठ्याने हसले. ते हसणं वकिलासाठी होतं. वकील गेल्यावर ते मास्तरांकडे वळले तेव्हा त्यातलं काही शिल्लक नव्हतं.

काढती कवळी करून पाहिली. पहिल्याच आठवड्यात एका जोरदार "साडेसदतीस"ला ती सुटली आणि समोरच्याच्या पँटच्या दुमडलेल्या पट्टीत जाऊन पडली. माणूस सज्जन होता. त्याने ती रुमालाने उचलून हातात दिली आणि पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही.

शेवटी दातांच्या डॉक्टरांनी पक्का उपाय सांगितला. जबड्याच्या हाडात दोन स्क्रू बसवायचे, हाडाने ते धरेपर्यंत काही महिने कळ काढायची, मग वर दात.

"बसवा की," शेठ म्हणाले. "तोवर काउंटरवर काजबटण उभे राहतील. दात पक्के झाले की तुमची जागा तुमचीच. आणि समजा नाही झाले, तर मग..."

शेठ वाक्यं अर्धीच विकत. उरलेलं अर्धं गिऱ्हाइकाने घरून आणायचं. काजबटण म्हणजे मागच्या खोलीत काजं करणारे आणि बटणं लावणारे, मास्तरांच्याच वयाचे, त्यांच्याच बरोबर कामाला लागलेले गृहस्थ. ते पुढे आले की मागे त्यांचं स्टूल रिकामं राहणार. बिनखिडकीच्या खोलीत, एका पिवळ्या दिव्याखाली, दिवसभर काजं. मास्तरांनी उरलेलं वाक्य पुरं केलं. दात बसले तर काउंटर, नाही बसले तर स्टूल.

ऑपरेशनात स्क्रू मोठ्या डॉक्टरांनी बसवले आणि टाके धाकट्या बाईंनी घातले. धाकट्या बाई वयाने मोठ्या डॉक्टरांपेक्षा चांगल्या वडील होत्या, पण पोरं मोठी करून उशिरा कामावर परतलेल्या, म्हणून दवाखान्यात धाकट्या. त्यांचा हात मात्र थोरला होता. तोंड बधिर असलं तरी मास्तरांचे डोळे बधिर नव्हते. सुई कुठे शिरते, कुठे निघते, दोऱ्याला ओढ किती दिली, हे ते खालून बघत होते आणि त्यांना नाव ठेवायला जागा सापडत नव्हती.

"तुमच्यासमोर शिवायचं म्हणजे माझीच परीक्षा, मास्तर," बाई मास्कमागून म्हणाल्या. "आता नीट ऐका. दोऱ्याची टोकं मी मुद्दाम लांब ठेवली आहेत. जिभेला टोचतील. टोचू द्या. पुढच्या आठवड्यात मीच काढणार आहे. तोवर तिथे बोट नाही, काडी नाही, काही नाही."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांची बायको कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिनेही मान डोलावली.

सुरुवातीचे दिवस सुजेचे. वरचा ओठ, नाक आणि गाल यांच्यातल्या सीमा पुसल्या गेल्या. रुमालात बर्फ गुंडाळून धरायचा, दोन उशांवर डोकं उंच ठेवायचं, जोरात थुंकायचं नाही, पाणी तोंडातून नुसतं ओघळू द्यायचं. खायला गार दूध, कुस्करलेलं केळं, बटाट्याचा पातळ लगदा.

"चेहऱ्याला इस्त्री करून आणू का?" बायको म्हणाली.

मास्तरांना बोलायला मनाई होती. ते कपड्यावर खुणा करायच्या खडूने काळ्या अस्तराच्या तुकड्यावर लिहीत. त्यांनी लिहिलं, 'चहा.'

"गरम चालत नाही."

मास्तरांनी मागे 'गार' जोडलं.

"गार चहाला चहा म्हणत नाहीत, भांडी धुतलेलं पाणी म्हणतात," ती म्हणाली आणि तरी करून घेऊन आली. "लग्न झाल्यापासून तुम्ही बोलताय आणि मी ऐकतेय. आता जरा फेड होऊ दे. आज मी माझ्या मावशीची सगळी गोष्ट सांगणार, पहिल्यापासून."

मावशीची गोष्ट खरंच लांब होती. तिच्या मध्यावर शेठ भेटायला आले. त्यांनी फळांच्या रसाचा डबा आणला होता. त्याला नळी चिकटवलेली होती आणि नळीने पिणं मास्तरांना बंद होतं.

"घाई करू नका," शेठ खुर्चीत टेकत म्हणाले. "काजबटण छान पुकारतात हो. आवाज जरा पातळ आहे, पण आकडा कसा स्वच्छ. परवा त्या वकिलाला नव्या मापाचा कोट घालून बघितला. वकील म्हणाला, हा माझ्याच मापाचा वाटतो."

मास्तरांनी कापडावर लिहिलं, 'लवकर येतो.'

"या, या," शेठ म्हणाले. "तुम्ही या तर आधी. मग बघू..."

ते गेल्यावर बायकोने रसाचा डबा स्वतः प्यायला आणि मावशीच्या गोष्टीचा धागा पुन्हा उचलला. पण मास्तरांचं लक्ष तिच्यात नव्हतं. दुसराच एक धागा त्यांना छळत होता.

दुकानात शिवण संपल्यावर बाहेर राहिलेल्या दोऱ्याला 'शेपूट' म्हणत. हा शब्द मास्तरांचाच. तयार कपड्याच्या प्रत्येक शिवणीवरून ते अंगठा फिरवत, आणि अंगठ्याला शेपूट लागलं की तो कपडा कारागिराच्या मांडीवर परत येऊन पडे. "शेपूट माणसाला राहिलं नाही, मग कोटाला कशाला?" हे वाक्य मागच्या खोलीत प्रत्येकाने इतकं ऐकलं होतं की मास्तर 'शेपूट' म्हणाले की उरलेलं चौघे मिळून म्हणत. आता अंगठ्याच्या जागी जीभ होती. तिला दुसरा उद्योग नव्हता. ती जाई, त्या टोकांना लागे, परत येई, पुन्हा जाई. डोळा लागला तरी तिचं काम चालूच. दुखणं मास्तरांनी सोसलं, सूज सोसली, मावशी सोसली. पण शिवण पुरी झालेली असून शेपूट तसंच आहे, हे त्यांना सोसेना.

चौथ्या दुपारी सूज जराशी उतरली आणि ओठ वर उचलता यायला लागला. मास्तर दाढीचा आरसा घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसले.

"टॉर्च धर जरा," ते पुटपुटले.

"कशाला?"

"बघायचंय."

"बघायचंय की करायचंय?"

त्यांनी आरसा खिडकीकडे वळवला. तिने टॉर्च धरला. लालभडक हिरडीवर काळ्या दोऱ्याच्या चार गाठी होत्या, आणि प्रत्येकीला मांजराच्या मिशांसारखी दोन-दोन टोकं.

"एकसारखीसुद्धा नाहीत," मास्तर म्हणाले. "ही बघ केवढी."

"हात लावू नका म्हणाल्यात बाई. मी तिथेच बसले होते."

"त्या टोकांबद्दल म्हणाल्या. हे शेपूट आहे."

"दोन्हीत फरक काय?"

"टोक कामाचं असतं. शेपूट राहून गेलेलं असतं."

"आणि हे राहून गेलेलं, हे कोणी ठरवलं?"

मास्तर उठले. भरतकामाची छोटी कातर त्यांनी पाण्यात घालून उकळली. स्वच्छतेच्या बाबतीत त्यांना कोणी बोल लावू शकलं नसतं. मग ती थंड होईस्तोवर त्यांनी चिमट्याने प्रत्येक गाठ धरून हलकेच ओढून पाहिली. एकही हलली नाही.

"गाठ चोख मारलीय बाईंनी," ते आदराने म्हणाले. "नुसतं साफ करायचं राहिलंय."

"मला हे बरं वाटत नाही," बायको म्हणाली. टॉर्चचा उजेड थरथरला.

"हलवू नकोस. हिरडी कापेन."

तिने दोन्ही हातांनी टॉर्च घट्ट धरला. मास्तरांनी आठही टोकं गाठींच्या अगदी मुळाशी कापली. काम इतकं सफाईदार झालं की आरशात नुसते चार काळे ठिपके उरले. जीभ गेली, फिरली आणि काहीच न लागता परत आली. त्या दुपारी मास्तरांना ऑपरेशनानंतरची पहिली गाढ झोप लागली. बायकोने कातर पुन्हा धुतली, पुसली आणि डब्यात ठेवली.

कोटाचं कापड सुजत नाही आणि सूज उतरली म्हणून सैलही पडत नाही. ते दिवसरात्र ओलं नसतं, आणि त्याच्यावरून जीभ फिरत नसते. ओल्या रेशमी दोऱ्याची गाठ मागे टोकं असतात म्हणून सुटत नाही. हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणार, म्हणूनच तर बाईंनी सांगितलं होतं.

आधी एक ठिपका गेला. मग तोंडात बारीक वाळूसारखं काहीतरी लागलं. केळ्यात खडा आला असेल म्हणून मास्तरांनी ते पुसून टाकलं. पुन्हा आलं. ती हाडाची भुकटी होती, स्क्रूभोवती हाड धरावं म्हणून भरलेली. दुसऱ्या दिवशी उरलेले तिन्ही ठिपके गेले आणि हिरडीची कड कोटाच्या उसवलेल्या खिशासारखी लोंबू लागली. मास्तर आता आरसा घेत नव्हते. मग तोंडाला वास येऊ लागला. तो त्यांना स्वतःला येत होता आणि बायकोलाही येत होता, पण ती काही बोलली नाही. ती कशालाच बोलेनाशी झाली. चेहऱ्याला इस्त्री नाही, मावशी नाही.

"जाऊ या आपण," ती एवढंच म्हणाली.

"आठवडा झाला की जायचंच आहे."

"आज जाऊ या."

"आज गेलं तर विचारतील, आज का आलात."

"मग सांगू."

मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं. नाकाखाली ठणका होता, अंगात कणकण होती. तरी मनात एक वेडा हिशेब चालू होता: अजून दोन दिवस आहेत, हिरडी आपोआप मिटेल, मग सांगण्यासारखं काही राहणारच नाही.

हिरडी मिटली नाही. ठरल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी ओठ उचलला. पू पुसला. मग एका बारीक हत्याराने त्यांनी स्क्रूला टेकवून पाहिलं. स्क्रू हलला. दुसराही हलला.

"टाके कुठायत?"

मास्तर छताकडे बघत होते.

"कोणी हात लावला होता? तुम्ही, घरच्यांनी, कोणीही?" डॉक्टरांचा आवाज शांत होता. "खरं काय ते आत्ता सांगा. माझा एक नियम आहे. जखमेला हात लावणाऱ्याला मी दुसऱ्यांदा स्क्रू बसवत नाही. हाड वाया जातं आणि वेळही. त्याला सरळ कवळी. आमच्याकडून काही चुकलं असेल तर गोष्ट वेगळी, मग पुन्हा बसवून देणं माझं काम."

कोपऱ्यातल्या खुर्चीत पिशवीचे बंद करकरले. मास्तरांच्या डोळ्यांपुढे बिनखिडकीची खोली आली, पिवळा दिवा आला, स्टूल आलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "आपोआप गेले."

डॉक्टरांनी धाकट्या बाईंना बोलावलं. त्या शेजारच्या खोलीतून हात पुसत आल्या, वाकल्या, पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"तीन वेढे दिले होते मी," त्या म्हणाल्या. "प्रत्येक गाठीला."

"मग गाठी कुठायत?"

"मला कळत नाहीये."

"कळायला हवं," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही, पण बाहेर बसलेले पेशंटही गप्प झाले. "इतकी वर्षं हात बंद होता तुमचा. मी म्हटलं होतं, आधी सराव करा."

बाई मास्तरांकडे वळल्या. त्यांना चिडायचं नव्हतं, खरंच कळून घ्यायचं होतं. "मास्तर, तुमचं आयुष्य दोऱ्यात गेलंय. मी घालत होते तेव्हा तुम्ही बघत होतात. तुम्ही सांगा. आपोआप सुटेल अशी होती का माझी गाठ?"

मास्तरांनी ती गाठ चिमट्याने ओढून पाहिली होती. चारही ओढून पाहिल्या होत्या. त्या खोलीत त्या गाठीबद्दल शपथेवर बोलू शकेल असा एकच माणूस होता.

"सैल होती," मास्तर म्हणाले. पुढचे दात नसल्यामुळे ते नीट उमटलं नाही. त्यांनी घसा साफ करून पुन्हा म्हटलं, "जरा सैलच वाटली मला."

"बरं," धाकट्या बाई म्हणाल्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे तसेच राहिले. "चुकलंच मग. माफ करा, मास्तर."

स्क्रू त्याच दिवशी काढावे लागले. फार श्रम पडले नाहीत. बोटांनी फिरवल्यावर आले. मोठ्या डॉक्टरांनी जखम धुतली आणि या वेळी टाके स्वतः घातले. धाकट्या बाई शेजारी उभ्या राहून दिवा धरत होत्या. हाड भरून आलं की पुन्हा बसवू, डॉक्टर म्हणाले, तीनेक महिने थांबा.

ते महिने मास्तरांनी घरी पडदे शिवून आणि उशांचे अभ्रे करून काढले. तोंड बरं होत गेलं. वास गेला, ठणका गेला, मऊ जेवण गिळता यायला लागलं. घरात मात्र काहीतरी बिघडलं ते तसंच राहिलं. बायको वेळेवर जेवायला वाढे, औषधं हातावर ठेवी, विचारलं तर उत्तर देई. पण टोमणा असा तिने एकही मारला नाही. मास्तरांनी मुद्दाम संधी दिल्या. एकदा उशीचा अभ्रा उलटा शिवला आणि तिच्यासमोर धरला.

"उलटा झालाय," ती म्हणाली आणि उसवून दिला.

"तू काही म्हणशील असं वाटलं होतं."

"काय म्हणायचं?"

"काहीतरी. आंधळा शिंपी वगैरे."

"तुम्ही आंधळे नाही," ती म्हणाली. "तुम्हाला सगळं दिसतं."

एकदा भाजी निवडताना ती अचानक थांबली. "त्यांच्या हाताला आता काम देत असतील का हो?"

"कोणाच्या?" मास्तर म्हणाले, आणि तिने पुन्हा भाजी निवडायला घेतली.

अधूनमधून मास्तर दुकानावरून चक्कर मारून येत. काजबटणांनी काउंटरची उंची आपल्या मापाने कमी करून घेतली होती. "दोन-चार महिन्यांसाठीच हो," ते ओशाळून म्हणत, आणि गिऱ्हाईक आलं की त्यांचा पातळ आवाज सगळ्या दुकानात भरून जाई. आकडा खरंच स्वच्छ होता. शेठ मास्तरांना बघून म्हणत, "पुढच्या महिन्यात ना? वा. मग काय..."

दुसऱ्या खेपेच्या दिवशी मास्तर नवा सदरा घालून गेले. खुर्चीत आडवे झाले, गळ्यात कागदी रुमाल अडकवला गेला, सुया टोचल्या गेल्या. मोठे डॉक्टर हातमोजे चढवत बधिरपणा भिनायची वाट बघत होते. मास्तरांचा ओठ लाकडासारखा झाला.

"डॉक्टर," कोपऱ्यातून बायको म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "मागच्या खेपेचे टाके यांनी कापले. कातरीने. गाठीच्या मुळापाशी. गाठी चांगल्या घट्ट होत्या, ओढून बघितल्या होत्या यांनी. टॉर्च मी धरला होता."

मास्तरांनी उठायचा प्रयत्न केला. "अगं," ते म्हणाले, पण तोंडातून निघालं ते कुत्र्याने जांभई दिल्यासारखं काहीतरी.

डॉक्टरांनी एक हातमोजा उतरवला, मग दुसरा. "हे आज सांगताय?"

"रोज सांगायचं होतं."

"कापले का?" डॉक्टरांनी मास्तरांना विचारलं.

मास्तर दिव्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते दिव्यामुळे की कसं, कोण जाणे. त्यांनी पापण्या मिटल्या. डॉक्टरांना तेवढं पुरलं.

"त्यांना बोलवा," बायको म्हणाली. "धाकट्या बाईंना. मला त्यांच्यासमोर सांगायचंय."

"त्या सोडून गेल्या."

"केव्हा?"

"मागच्या महिन्यात."

"कुठे?"

"सांगून नाही गेल्या." डॉक्टर हातमोजे डब्यात टाकत म्हणाले. "म्हणाल्या, हातावरचा भरवसा गेला."

"त्यांचा गेला की तुमचा?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. आपल्या बाजूने काय काय चुकलं ते बहुधा तेही मोजत असावेत. "ते आमचं आतलं आहे," ते म्हणाले. मग मास्तरांच्या गळ्यातला कागदी रुमाल त्यांनी स्वतः सोडला. "माझा नियम तुम्हाला सांगितला होता. कवळीचं माप द्यायचं असेल तर बाहेर तारीख घ्या."

बधिर तोंडाने चालत घरी येताना मास्तरांच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि त्यांना ती कळत नव्हती. बायको मधूनमधून थांबून पदराने ती पुसत होती. अर्धी वाट गेल्यावर त्यांना शब्द जुळवता आले.

"त्या तर गेल्याच होत्या."

"मला काय माहीत?"

"कोणाचं भलं झालं मग?"

तिने पदर पुन्हा त्यांच्या हनुवटीला लावला. "कोणाचंच नाही," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा बोलला असतात तर एकीचं तरी झालं असतं. आणि मी तेव्हा बोलले असते तरी झालं असतं. मी पिशवी घट्ट धरून बसले."

"मग आज तरी गप्प बसायचं होतंस."

"आज पुन्हा टाके घालणार होते. ते बघत मला तिथे बसवेना."

पुढच्या सोमवारी मास्तर मागच्या दाराने दुकानात गेले. शेठना कोणीतरी आधीच सांगितलं होतं. त्यांनी या वेळी एकही वाक्य सुरू केलं नाही, नुसतं मागच्या खोलीकडे हात दाखवला. स्टुलावर काजबटणांच्या बसण्याचा खळगा पडला होता. मास्तर त्यात बसले. चार कारागिरांनी मशिनी थांबवल्या.

"मास्तर, झालं काय पण?" त्यातल्या थोरल्याने विचारलं. "दात पक्के बसणार होते ना? शेठ म्हणतात, टाक्यांचं काहीतरी झालं."

मास्तरांनी चष्मा लावला. काजाच्या सुईत दोरा ओवला. त्याला गाठ मारली.

"टाके मी कापले," ते म्हणाले. "शेपटं राहिली होती."

एक क्षण कोणालाच खरं वाटलं नाही. मग थोरला म्हणाला, "शेपूट माणसाला राहिलं नाही..." आणि उरलेले तिघे म्हणाले, "मग कोटाला कशाला," आणि सगळे हसत सुटले. एक तर मशिनीवर डोकं टेकून हसला. किती दिवसांनी ती खोली अशी हसली होती. त्यात वाईट हेतू नव्हता. मास्तर परत आले याचा आनंदही त्यात होता.

मास्तर पुढे बोलत होते. टाके घालणाऱ्या बाईंची गाठ घट्ट होती, आणि ती सैल होती असं आपण त्यांच्या तोंडावर सांगितलं, असं काहीसं ते बोलत होते. पण हसण्याच्या गलक्यात आणि दातांच्या त्या फटीतून ते कोणाच्या कानांपर्यंत पोचलं नाही.

थोरल्याने डोळे पुसले. "काय म्हणालात, मास्तर? नंतरचं ऐकूच आलं नाही."

चौघेही त्यांच्याकडे बघत होते, हसू अजून ओठांवर होतं, आणखी काहीतरी गमतीचं येईल म्हणून थांबलेले.

"काही नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पहिला कोट मांडीवर ओढला.